ती बाई वर्गात नुसती बसून करते काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं तुम्ही सगळेच विचारता, कुणी पालकसभेत, कुणी मुलाला न्यायला आल्यावर दारात चपला शोधता शोधता. दर पंधरवड्याला आमच्या बालवर्गात समुपदेशक येते, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन दोन तास बसते आणि एकाही मुलाला बाजूला घेऊन बोलत नाही. मग ती करते काय? आणि त्याला जोडूनच: चार वर्षांच्या पोरांना कसलं आलंय मानसिक आरोग्य?

ती माझ्याकडे बघते. खरं उत्तर एवढंच आहे. ते द्यायची लाज वाटायची म्हणून इतके दिवस ‘निरीक्षण असतं हो’ म्हणून मी वेळ मारून नेली.

ती यायच्या दोन वर्षं आधी माझ्या वर्गात एक मुलगा होता. चावायचा. खेळता खेळता दात लागतात तसं नव्हे. दंड धरून, रक्त साकळेपर्यंत. बावीस मुलं, मी आणि एक मदतनीस. आधी समजावलं, मग कोपऱ्यात बसवलं, मग त्याच्या आईला रोज दारात थांबवून सगळ्यांदेखत सांगू लागले. ती मान खाली घालून ऐकायची. पुढे पुढे ती त्याला आत सोडून माझी नजर चुकवून निघून जायला लागली, तेव्हा मला त्याचाही राग आला. एका सकाळी त्याने एका मुलीच्या गालाचा चावा घेतला. मुख्याध्यापिकेच्या खोलीतून फोन मीच केला. “थोडे दिवस घरी ठेवा, जरा मोठा होऊ दे.” थोडे दिवस म्हणजे किती, हे आईने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आई आली तेव्हा तो खूश झाला. आज आपल्याला लवकर नेताहेत! बूट उलटसुलट चढवले, मी ते काढून नीट घालून दिले. “ताई, माझी गाडी मोडू नका हं,” असं ठोकळ्यांकडे बोट दाखवून बजावून तो गेला. दुपारी मी ठोकळे आवरले. त्या रात्री मला गाढ झोप लागली, हेही लिहून टाकते.

बरं, मग करायचं काय होतं? त्या मुलीचा गाल सुजला होता, तिलाही आईबाप आहेत. हे मी तेव्हा स्वतःला सांगत होते, आजही सांगते, आणि ते खोटं नाही.

अमेरिकेत वॉल्टर गिलियम या संशोधकांनी सरकारी पैशावर चालणाऱ्या बालवर्गांची पाहणी केली होती, २००५ साली ती प्रसिद्ध झाली. वर्गातून कायमचं काढून टाकलेल्या मुलांचं प्रमाण तिथे हजारात जवळजवळ सात निघालं, मोठ्या मुलांच्या शाळांच्या तिपटीहून जास्त. मुलींपेक्षा मुलगे साडेचार पट. जिथे शिक्षिकेला मानसिक आरोग्याचा असा सल्लागार नियमित मिळत होता, तिथे मुलं कमी काढली गेली. वाचलं आणि पहिल्यांदा बरं वाटलं, आपण एकट्या नाही म्हणून. बरं वाटल्याचं वाईट नंतर वाटलं.

ही बाई आली तेव्हा वर्गात ठोकळे फेकणारा दुसरा एक होता. तिने कागदावर वेळा टिपल्या. नऊपैकी सात वेळा फेकाफेक झाली ती खेळ मोडून हात धुवायला उठवताना. शेजारच्या रकान्यात मी होते. सकाळभरात मी त्याचं नाव एकोणीस वेळा घेतलं होतं, एकूण एक वेळा वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून आणि चढ्या आवाजात. मी चिडले. म्हटलं, तुम्ही बावीस मुलं सांभाळून दाखवा. ती म्हणाली, “मला नाही जमणार,” आणि माझी झोप, जेवण, रजा यांची चौकशी करत बसली. मला वाटलं, काय वेळ घालवतेय ही!

आता आवराआवरीच्या आधी मी त्याच्याशेजारी जाऊन बसते, अजून दोन ठोकळे लावून उठू म्हणते. फेकणं पुष्कळ कमी झालंय. सोमवारी मात्र काही केल्या जमत नाही. ज्या दिवशी मदतनीस रजेवर असते त्या दिवशी माझा आवाज पुन्हा वर्गाच्या त्या टोकाला पोचतो, आणि त्याला कुठल्याही समुपदेशकाकडे औषध नाही. तिथे आणखी एक माणूसच लागतं. ते कुणी देत नाही, हे पालकसभेत का विचारत नाही तुम्ही?

तेव्हा तुम्ही असता तर तो चावणारा मुलगा वर्गात राहिला असता का, असं मी एकदा तिला विचारलं. तिने उत्तर दिलं नाही. फोन केलात तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं, एवढंच विचारलं. मला ते आवडलं नाही. अजूनही आवडलेलं नाही.