निपाणी, बेळगाव, जांबोटी: अनोळखी बोअरच्या बंदुका घेऊन जाताना

कोल्हापूर ते बेळगाव हा दोन तासांचा रस्ता. बंदूक सोबत असली की तोच रस्ता परवान्यावरच्या एका ओळीवर येऊन थांबतो. कागल मागे पडलं की कोगनोळीला कर्नाटक सुरू होतं, आणि वैधतेच्या रकान्यात फक्त महाराष्ट्र लिहिलेला परवाना तिथून पुढे कामाचा नाही. उलट दिशेनेही तेच. सीमाभागात एकाच घराची जमीन दोन राज्यांत असते. त्यामुळे चुलत्याच्या शेतावर बंदूक नेणं म्हणजे परराज्यात नेणं आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. आधी तो रकाना वाचा. अखिल भारतीय वैधता नसेल तर बंदूक घरी ठेवून मोजमापं, फोटो आणि कागद घेऊन जा. निम्मं काम तेवढ्यावर होतं.

या फेरीत सोबत दोन हत्यारं होती: .३१८ वेस्टली रिचर्ड्सची बोल्ट रायफल आणि १६ बोअरची इंग्लिश दुनळी. दोन्ही वारशाची, दोन्ही परवान्यावर चढवलेली. काम तीन प्रकारचं होतं. बोअर (नळीचं आतलं माप) नक्की कोणती ते मोजून घ्यायचं, काडतुसांची सोय पाहायची, आणि खानापूर भागात पीकरक्षणासाठी अशा बंदुकांचा खरंच उपयोग आहे का ते तपासायचं. शिकारीचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती बंद आहे.

बांधाबांध अशी: रायफलीचा बोल्ट (मागची सरकती खीळ) काढून वेगळा, दुनळीची नळी दस्त्यापासून सुटी, दोन्ही बंद पेटीत. काडतुसं दुसऱ्या पेटीत, तिला वेगळं कुलूप. मूळ परवाना खिशात, झेरॉक्स गाडीत. जेवायला थांबलात तर एक माणूस गाडीतच बसतो. मुक्काम असेल तर लॉजच्या कपाटावर भरवसा ठेवू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेव म्हणून जमा करा आणि पावती घ्या.

तारीख निवडताना पंचांगापेक्षा राजकारण पाहावं. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, बंदोबस्त कडक. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं तेव्हाही हायवेवर तपासणी वाढते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका जमा करण्याचे आदेश निघतात. या दिवसांत पेटी घेऊन निघणं म्हणजे हौसेनं विकतचं दुखणं.

निपाणी ते संकेश्वर दोन्ही बाजूंना ऊस. उसातलं डुक्कर हा इथला रोजचा विषय, पण रायफलवाल्यानं हा पट्टा पाहून हात आवरता घ्यावा. सपाट रान, फडात तोडीची माणसं, आणि गोळी अडवायला मागे ना टेकडी ना बांध. रायफलीची गोळी चुकली तर दोन-अडीच किलोमीटरवरही माणूस मारू शकते. इथे चांगली रायफल कोणती या प्रश्नाला उत्तर एकच: कोणतीच नाही.

वंटमुरीचा घाट उतरून बेळगावात आलं की खरं काम सुरू होतं. विक्रेत्याकडे जाताना व्हर्निअर कॅलिपर आपला न्या, सगळीकडे मिळेलच असं नाही. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासून मगच टेबलावर ठेवायची. दुनळीचा पुढचा लाकडी भाग काढला की नळीच्या बुडाच्या सपाट बाजूवर प्रूफचे, म्हणजे नळीच्या दाबचाचणीचे, शिक्के दिसतात. इंग्लिश बंदुकीवर १९२५ नंतर चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी इंचांत ठोकलेली असते, त्याआधीच्या बंदुकीवर ती नसेल. ‘नायट्रो’चा (धूररहित दारूचा) शिक्का नसेल तर ती बंदूक काळ्या दारूसाठी होती असं समजा आणि आजचं काडतूस घालू नका. रायफलीच्या नळीवर कॉर्डाइट, म्हणजे जुनी धूररहित दारू, किती ग्रेन आणि गोळी किती ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप) असे दोन आकडे असतात. ते कागदावर उतरवून घ्या. नावापेक्षा ते आकडे खरं बोलतात.

नावं फसवतात, आणि जुन्या बोअरमध्ये तर जाणूनबुजून फसवल्यासारखी. .३१८ वेस्टली रिचर्ड्सची गोळी .३१८ इंचांची नसतेच, .३३० ची असते, म्हणजे ८.४ मिलिमीटर. उलट जुन्या जर्मन ८ बाय ५७ ‘जे’ प्रकाराची (पहिला आकडा बोअर, दुसरा काडतुसाच्या पितळी खोक्याची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये) गोळी खरोखर .३१८ इंचांची. कोणीतरी आकडा वाचून ही काडतुसं त्या रायफलीसाठी काढून देतो, आणि नळीत सैल जाणारी गोळी कुठे जाईल याचा नेम राहत नाही. .४०४ जेफ्रीची गोळी .४२३, .२८० रॉसची .२८४ नव्हे तर .२८७ च्या आसपास. ‘.२५६ मॅनलिकर’ या एका नावाखाली दोन वेगळी काडतुसं आहेत, एक रिमचं (बुडाला बाहेर आलेली कड असलेलं) ६.५ बाय ५३ आणि एक बिनरिमचं ६.५ बाय ५४. एकाच्या रायफलीत दुसरं चालत नाही. म्हणून मापं चार घ्यायची: रिमचा व्यास, खोक्याची लांबी, मानेचा व्यास, गोळीचा व्यास. .३१८ चं खोकं साठ मिलिमीटरच्या वर भरतं. ५७ भरलं तर ते दुसरंच काहीतरी आहे.

एवढ्या विचित्र बोअर हिंदुस्थानात आल्या कशा, याचं कारण बंदीत आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागतील या धास्तीनं इंग्रज सरकारनं १९०७ मध्ये .४५० बोअरची आयात बंद केली. लंडनच्या कारखानदारांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ काढल्या. लष्कराची .३०३ खासगी माणसाला अवघड, म्हणून बीएसए या इंग्लिश कारखान्यानं ऑस्ट्रियाच्या ८ बाय ५०आर मॅनलिकर काडतुसावर लष्करी रायफलीच्याच ली बोल्टची .३१५ बनवली. पुढे तीच इशापूरच्या कारखान्यात होऊ लागली आणि गावोगाव पोचली.

आता गुणांकडे. सगळ्यात कमी लेखलेली बोअर कुठली विचाराल तर हीच .३१५. तिला ‘सरकारी रायफल’ म्हणून नाकं मुरडतात. मूळ मॅनलिकर भाराची २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची बोथट गोळी सेकंदाला सुमारे ६२० मीटरनं निघते. कागदावर मंद. शंभर मीटरवर नेम जुळवला तर दोनशेवर गोळी फूटभराहून जास्त खाली लागते. पण खानापूरच्या भातखाचरावर साठ मीटरच्या पलीकडे डुक्कर दिसतं कुठे? तेवढ्या अंतरात ही गोळी हवं ते सगळं करते, धक्का बेताचा, आणि काडतूस देशात बनतं. हा शेवटचा गुण बाकी सगळ्यांवर मात करतो. विकत घेताना बुडावर ‘८ एमएम’ वाचून ८ बाय ५७ माउझर समजू नका. .३१५ चं खोकं ५० मिलिमीटरचं आणि रिमचं असतं.

.३१८ खरोखर उत्तम. २५० ग्रेनची लांब गोळी, सेकंदाला सुमारे ७३० मीटर, खोल घुसते, आणि माउझरच्या बोल्टमुळे भरवशाची. .२७५ रिग्बी म्हणजे प्रत्यक्षात ७ बाय ५७ माउझर, धक्का इतका कमी की नवशिकाही घोडा झटकत नाही. शिकारी जिम कॉर्बेटकडे हीच होती. ऑटो बॉक यांनी १९०५ मध्ये काढलेली ९.३ बाय ६२ तर आजही युरोपात डुकरासाठी पसंतीची आहे. पण सीमाभागात या तिन्हींचं काडतूस काउंटरवर मिळेल असं धरू नका. किनॉक या इंग्लिश कंपनीच्या काडतुसांचे जुने डबे घरात सापडतात, त्यांचं उत्पादन थांबून पन्नासेक वर्षं झाली. रिकामी खोकी घरी भरून घेणं हा उपाय नव्हे, परवान्याशिवाय ते काडतूस बनवणं ठरतं. .४०४, .४७० वगैरे इथल्या कुठल्याच कामाला लागत नाहीत, जतन करा.

१६ बोअरबद्दल जरा जास्त. नळी १६.८ मिलिमीटर, १२ ची १८.५, २० ची १५.६. ६५ मिलिमीटर चेंबरच्या इंग्लिश १६ चा ठरलेला भार १५/१६ औंस, म्हणजे २६.५ ग्रॅम छर्रे. १२ चा ३० ग्रॅम. फरक साडेतीन ग्रॅमचा, आणि बंदूक मात्र हातात स्पष्ट हलकी. दिवसभर बांधावरून फिरणाऱ्याला ती मानवते. अडचण साठ्याची: दुकानात १२ चा ढीग असतो, १६ आधी फोनवर विचारून ठेवावी लागते.

इथेच सर्वात मोठा धोका आहे. ७० मिलिमीटरचं न उडवलेलं काडतूस टोकाला मुडपलेलं असतं, त्यामुळे त्याची लांबी साठच्या आतच भरते आणि ६५ च्या चेंबरमध्ये ते आरामात बसतं. उडाल्यावर मुडप उघडते, तोंड पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब चढतो. ‘बसतंय म्हणजे चालतंय’ हे दुनळीला लागू नाही. दुसरा धोका १२ बोअरवाल्यांचा: खिशात २० चं काडतूस मिसळलं, ते नळीत घसरून पुढे अडकलं, मागून १२ चं भरलं, की नळी फुटते. घरात दोन बोअर असतील तर दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्या शिवा.

बेळगावहून खानापूर पंचवीसेक किलोमीटर, तिथून जांबोटीकडे वळलं की पाऊस आणि जांभा दोन्ही सुरू. जांभ्यावर आपटलेली गोळी उसळून कुठेही जाते. म्हणून गोळी जमिनीत शिरेल असा वरून खाली कोन हवा, माळा त्यासाठीच. जड गोळी झुडूप फोडून सरळ जाते हा समज सोडा; काटकीला लागली की कुठलीही गोळी वळते.

कायद्याची बाजू इथे अधिक कडक. इथलं भीमगडचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय आत हत्यार नेता येत नाही, पेटीत बंद असलं तरी. कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं वन खात्याकडे नाव नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना वन्यजीव खात्याच्या संमतीशिवाय निघत नाही. डुकराचा उपद्रव असेल तर कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. अर्ज आरएफओकडे (वनक्षेत्रपालाकडे) द्या, कन्नडमध्ये लिहून नेला तर लवकर हलतो. सोबत पीकपाहणीचा उतारा आणि नुकसानीचे तारखेसह फोटो. मारलेलं जनावर सरकारचं, त्याला हात लावायचा नाही. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या नुकसानीला भरपाईचा अर्ज करायचा, बंदुकीचा विचारही नको.

शेवटची गोष्ट या ओल्या हवेची. पितळी खोक्यांना मानेजवळ उभ्या बारीक चिरा पडतात. हा दोष ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच पावसाळ्यात दिसला, आणि घोड्यांच्या पागेतला अमोनिया त्याला कारण असल्याचं १९२१ मध्ये सिद्ध झालं. म्हणून काडतुसं गोठ्याच्या भिंतीला लागून किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. चामड्याच्या पट्ट्यातही नको, तिथे हिरवा गंज धरतो. चिरलेलं किंवा हिरवं काडतूस परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. जुनं काडतूस रेंजवर उडालं नाही तर नळी निशाण्याच्या दिशेनंच धरून तीस सेकंद थांबा. आवाज फुसका आला तर पुढचं भरण्याआधी नळीतून आरपार पाहा, गोळी आत अडकलेली असू शकते. किनॉकच्या जुन्या काडतुसांच्या बुडातल्या पेटत्या टोपीतले क्षार नळीत राहतात, ओल ओढून घेतात आणि तेलानं जात नाहीत. त्याच संध्याकाळी चेंबरकडून उकळतं पाणी ओता, कोरडी चिंधी फिरवा, मग तेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा चिंधी. तिच्यावर तांबूस डाग आला तर पाण्यापासून सगळं परत.