कॉल लागतो, पण आवाज येत नाही: कॉल सेंटरमधल्या पोर्टांचा हिशेब

कोल्हापूरच्या राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत वरच्या मजल्यावर तीस एजंटांचं कॉल सेंटर उभं राहतं. नेटवाला विचारतो, "कुठले पोर्ट उघडू?" पोर्ट म्हणजे नेटवरून आत-बाहेर करायचं, आकडा लावलेलं दार. घाईत उत्तर जातं, "सगळेच उघड." हे उत्तर कधीही देऊ नका. शिवाय बऱ्याचदा बाहेरून आत येणारा एकही पोर्ट उघडायची गरज नसते.

आधी सर्व्हर कुठे आहे ते बघा. डायलर (आपोआप नंबर लावणारी यंत्रणा) क्लाउडवर असेल आणि ऑफिसात फक्त हेडसेट लावलेले पीसी असतील, तर ऑफिसच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवणं) लागत नाही. आतून बाहेर जायला वाट मोकळी असली की झालं. फॉरवर्डिंग लागतं ते ॲस्टरिस्क या फोन सॉफ्टवेअरचा सर्व्हर ऑफिसातच राउटरमागे असेल आणि ट्रंक, म्हणजे फोन कंपनीची लाइन, इंटरनेटवरून येत असेल तेव्हा.

कॉलचे रस्ते दोन. घंटी वाजवणं, उचलणं, ठेवणं हे सिग्नलिंग एसआयपी या प्रोटोकॉलवरून चालतं: पोर्ट ५०६०, टीएलएस (एन्क्रिप्शन) असेल तर ५०६१. आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवरून जातो, यूडीपीने (पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत). ॲस्टरिस्कच्या नमुना कॉन्फिगमध्ये त्याची रेंज १०००० ते २००००, फ्रीस्विच या तशाच सॉफ्टवेअरमध्ये मुळात १६३८४ ते ३२७६८. म्हणून घंटी वाजली, फोन उचलला आणि तरी शांतता असेल, तर ५०६० वर वेळ घालवू नका, आरटीपीकडे बघा.

रेंज केवढी हवी? आवाजाच्या प्रत्येक प्रवाहाला दोन पोर्ट लागतात, सम आकड्यावर आरटीपी आणि पुढच्या विषमवर आरटीसीपी (आवाजाच्या दर्जाचा अहवाल). तीस एजंट आणि डायलर एका एजंटामागे तीन नंबर लावतोय असं धरा. एजंटांचे ३० आणि बाहेरचे ९०, मिळून १२० प्रवाह, म्हणजे २४० पोर्ट. १०००० ते १०९९९ एवढी रेंज आरामात पुरते. पण ती आरटीपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि फायरवॉलमध्ये, दोन्हीकडे सारखीच हवी. फक्त फायरवॉलमध्ये कमी केली, तर सर्व्हर जुन्या मोठ्या रेंजमधून कुठलाही पोर्ट उचलतो. काही कॉल ठीक लागतात, बरेचसे मुके राहतात आणि त्यात कसलीच संगती लागत नाही. लोक अशा वेळी हेडसेट बदलत बसतात.

आवाज एकाच बाजूने येत असेल, तर सर्व्हर एसडीपीमध्ये (आवाज कुठल्या पत्त्यावर पाठवायचा ते सांगणारा एसआयपी निरोपातला भाग) स्वतःचा १९२.१६८ वाला आतला पत्ता पाठवतोय का ते एसएनग्रेप हे एसआयपी निरोप दाखवणारं टूल लावून पाहा. समोरच्याने त्या पत्त्यावर आवाज पाठवला तर तो पोहोचणार कुठे? पीजेएसआयपी (ॲस्टरिस्कचा एसआयपी भाग) याच्या ट्रान्सपोर्टमध्ये एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस, एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस आणि लोकल नेट भरा, एंडपॉइंटला (प्रत्येक फोन किंवा ट्रंकच्या नोंदीत) डायरेक्ट मीडिया, म्हणजे सर्व्हर वगळून थेट आवाज, बंद ठेवा.

कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर कॉल उचलल्यावरचा एसीके (पोच मिळाल्याचा निरोप) सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. यामागेही बहुतेक वेळा तोच चुकीचा पत्ता असतो, नाहीतर राउटरमधलं एसआयपी एएलजी. हे एएलजी मदतीच्या नावाखाली पॅकेटमधले पत्ते बदलतं आणि घोळ वाढवतं. मायक्रोटिक राउटरमध्ये आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स इथे जाऊन एसआयपी बंद करा.

बाहेर जाणारे कॉल नीट, पण थोडा वेळ शांत गेल्यावर येणारे कॉल बंद? राउटरने त्या यूडीपी जोडणीची नोंद पुसलेली असते. क्वालिफाय (सर्व्हरने ठरावीक वेळाने पाठवायची चौकशी) २५ सेकंदांवर ठेवा म्हणजे नोंद जागी राहते.

ब्राउझरमधून बोलणारे एजंट असतील तर ॲस्टरिस्कचा डब्ल्यूएसएस (ब्राउझरची सुरक्षित जोडणी) ८०८९ वर आणि स्टन-टर्न (राउटरमागून वाट शोधून देणारा सर्व्हर) ३४७८ वर. वैध सर्टिफिकेट नसेल तर मुळात जोडणीच अडते. आवाज मात्र इथेही त्याच आरटीपी रेंजमधून येतो, हे विसरलं जातं.

आता जे उघडायचं नाही ते. ॲस्टरिस्क दुसऱ्या प्रोग्रॅममधून चालवायच्या मॅनेजर इंटरफेसचा ५०३८ आणि डेटाबेसचा ३३०६ इंटरनेटला कधीच दाखवू नका. ५०६० फक्त ट्रंक देणाऱ्याच्या आयपीपुरता. जगाला उघडा ठेवला की स्कॅनर पासवर्ड चाळायला लागतात, आणि कच्च्या पासवर्डचं एक एक्स्टेन्शन (आतला फोन नंबर) सापडलं की रात्रीत परदेशी कॉलचं बिल चढतं. आरटीपीला मात्र हाच नियम डोळे झाकून लावू नका. अनेक ट्रंकमध्ये आवाज वेगळ्या आयपीवरून येतो, त्या आयपींची यादी मागून घ्या.

इंटरनेटच्या दोन लाइन घेतल्या असतील तर दुसरीचा डब्ल्यूएएन (राउटरच्या बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर ते सीजीनॅट आहे, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. तिथे फॉरवर्डिंग चालणारच नाही, स्टॅटिक आयपी मागा. ट्रंकवाल्याकडे दोन्ही आयपी आधीच नोंदवा, आणि लाइन बदलली की एक्स्टर्नल ॲड्रेसही बदलेल अशी सोय करा. मग मुख्य लाइनची केबल काढून एक कॉल बाहेर आणि एक आत लावा, दोन्ही बाजूंनी मिनिटभर बोलून बघा.