फॉर्म भरायला आलात, पण ठरवलंय कोणी?

सांगलीजवळ माधवनगरात माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, पीकविमा हे वर्षभर चालूच असतं. दहावीचा निकाल लागला की मात्र गणपतीपर्यंत दुसरं काही सुचत नाही. बुधगाव, कवलापूर, बिसूर इकडची पोरं येतात. आधी अकरावी, डिप्लोमा, आयटीआय, मग सीईटीचे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. खुर्चीवर पोरगं, शेजारी बाप, मागं मामा, मामाच्या कानाला फोन आणि फोनवर पुण्यातलं कुणीतरी. फॉर्म भरतो मी, कॉलेज ठरवतो तो फोनवरचा माणूस. त्यानं पोराला शेवटचं बघितलेलं असतं कुठल्यातरी लग्नात.

"दादा, तुमीच टाका की चांगलं बघून."

मी टाकत नाही. "चांगलं म्हणजे कशात चांगलं?" असं विचारलं की बाप पोराकडं बघतो आणि पोरगं स्क्रीनकडं. एकदा एका पोराला विचारलं, मेकॅनिकल का रे? म्हणाला, मित्रानं तेच टाकलंय. मित्र बाहेर गाडीवर बसला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ह्यानं टाकलंय म्हणून.

हे सगळं जूनमध्ये सांगून काही फायदा नसतो. तेव्हा सर्व्हर अडलेला असतो, ओटीपी आईच्या मोबाइलवर गेलेला असतो आणि आई शेतात असते. म्हणून ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी हे आधीच लिहून ठेवतोय.

पहिलं, अकरावीचे विषय. मिरजेला गाड्या पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चार बाजूंना फुटतात. फलाटावर उभं असताना सगळ्या सारख्याच दिसतात. विषयांचंही तसंच असतं. अकरावीला गणित जड जातंय म्हणून सोडलं, नुसता बायोलॉजीचा ग्रुप ठेवला, की इंजिनिअरिंग गेलं आणि आर्किटेक्चरही गेलं. उलट बी. फार्म. किंवा बीएस्सी अ‍ॅग्रीला दोन्ही ग्रुप चालतात, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पाच वर्षांचं लॉ कुठल्याही शाखेतून होतं, त्याची सीईटी वेगळी. सीएची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर कुणीही देऊ शकतं. एनडीएला २०२१ पासून मुलीही बसतात. पण तिथंही आर्मीला कुठलीही शाखा चालते, नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतंच. बुधगावची एक मुलगी बारावी आर्ट्‌स करून आली होती. उंची चांगली, धावायला वाऱ्यासारखी, आणि मनात नेव्ही. तिला हे माझ्या दुकानात, माझ्या तोंडून कळलं. दोन वर्षं रोज शाळेत जात होती ती पोरगी. या काळात तिला हे सांगायला कुणाला पाच मिनिटं मिळाली नसतील का?

अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळं 'असू दे वर' म्हणून एखादं नाव वर टाकायचं नाही. लोक टाकतात. मग रडतात.

दुसरं, सीईटीचं पर्सेंटाईल. यावर मला एक फ्लेक्स छापून दुकानाबाहेर लावायचा आहे. "पोरीला ९० पडल्यात, वालचंदला लागंल न्हवं?" ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के नव्हे. तिच्याबरोबर बसलेल्या शंभरातली नव्वद तिच्या बरोबरीला किंवा मागं आहेत, असा त्याचा अर्थ. ऐकायला छान वाटतं. पण चार लाख मुलं बसली असं धरा. मग दहा टक्के पुढं, म्हणजे चाळीस हजार मुलं तिच्या पुढं उभी आहेत. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, सांगलीत विश्रामबागेत आहे आणि त्या रस्त्यानं जाताना सांगली जिल्ह्यातला प्रत्येक बाप एकदा तरी गेटकडं मान वळवतो. पण चाळीस हजारांच्या मागं उभं राहून त्या गेटातून आत जाता येत नाही. गेल्या वर्षी कुठल्या शाखेला, कुठल्या प्रवर्गाला किती पर्सेंटाईलला शेवटची जागा गेली, हे सीईटी सेलच्या वेबसाइटवर फुकट असतं. ते बघायला माझीसुद्धा गरज नाही.

नीटचंही तेच. 'क्वालिफाय' झाली म्हणून पेढे वाटणारी घरं मी पाहिली आहेत. २०२५ ला देशभरात १२ लाखांहून जास्त मुलं क्वालिफाय झाली, आणि एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास. क्वालिफाय म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. हे ज्यांनी आधी सांगायला हवं ते अकॅडमीवाले सांगत नाहीत. दोन वर्षांचं पॅकेज, नावाला कुठल्यातरी कॉलेजात अ‍ॅडमिशन, आणि चौकात टॉपर पोरांचा फ्लेक्स. त्या फ्लेक्सवरची पोरं मोजा आणि मग आत जाऊन विचारा, यंदा फी किती जणांनी भरली होती? उत्तर मिळालं तर मला कळवा.

कॉलेजवाले मे महिन्यात शाळांमधून 'मार्गदर्शन शिबिरं' घेतात, तिथं पेन आणि फोल्डर मिळतं. फोल्डर घ्यावं. पण त्यातलं मार्गदर्शन हे त्यांच्या जागा भरायचं असतं, एवढं लक्षात ठेवून घ्यावं. मुलाला एक दिवस त्या कॉलेजात न सांगता घेऊन जा. कॅन्टीनला चहा घ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, लॅब उघडी असते का, शिकवायला कोण येतं. पोरं खरं बोलतात, त्यांना कमिशन नसतं.

आता आयटीआय. हा शब्द उच्चारला की बापाचा चेहरा पडतो. विट्याकडचं एक घर आहे, माझ्या लांबच्या नात्यातलं. त्या भागातले निम्मे लोक गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेले. पोराचा चुलता दक्षिणेत आहे. दहावी झाली की पोराला तिकडं पाठवायचं, असं ठरलेलंच. पोराला मात्र वायरिंगचं वेड. गावातल्या निम्म्या मोटारी त्यानं खोललेल्या. आयटीआय इलेक्ट्रिशियन म्हणाला तर आजोबा भडकले, "नापास झालाय व्हय रं तू?"

आजोबांना मी एवढंच सांगितलं की इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं झाली की पोराला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मध्ये कुठंही थांबला तरी हातात काम आहे. अ‍ॅप्रेंटिसशिपला विद्यावेतन मिळतं. पलूसजवळ किर्लोस्करवाडी आहे. तिथला पंपांचा कारखाना १९१० पासून आहे, आणि असे कारखाने काही सगळे इंजिनिअर ठेवून चालत नाहीत. आजोबा रयतमध्ये शिकलेले. म्हणाले, "मंजे कमवा आणि शिकाच की रं हे." कर्मवीरांचं नाव आलं आणि विषय मिटला. चुलता अजून रुसलेला आहे. त्याचंही चूक नाही म्हणा. गलाईत पैसा आहे आणि घरच्या माणसासारखा भरवशाचा माणूस बाहेर मिळत नाही. पण मग त्या पोराला एकदा मे महिन्यात तिकडं नेऊन भट्टीसमोर बसवायचं, आणि नंतर विचारायचं. न दाखवता ठरवलेलं मला पटत नाही, मग ते गलाईचं असो नाहीतर आयटीचं.

न दाखवण्यावरनं आठवलं. कवलापूरचे एक द्राक्षबागायतदार आहेत. मुलगी बारावीला. बापाच्या फवारणीची वही तीच लिहिते. कुठलं औषध कधी मारलं, तोडणीआधी किती दिवस मारायचं नाही, सगळं तारीखवार. मालात औषधाचा अंश सापडला तर एक्स्पोर्ट नाही, त्यामुळं ती वही घरात बँकेच्या पासबुकापेक्षा जपतात. पान बघून रोग भुरी की डावण्या हे ती बापाच्या आधी सांगते. तिला बीएस्सी अ‍ॅग्री करायचं होतं. बाप माझ्यासमोर तिला म्हणाला, "शेतीतनं भायेर काढायला शिकवालोय तुला. आणि तू परत शेतीतच?"

यावर मी काय बोलणार. त्याचं दुखणं खोटं नव्हतं. अवकाळीनं बाग झोपली की त्या माणसावर काय वेळ येते हे मी बघितलंय. पण त्यांच्या मते अ‍ॅग्री शिकलेला माणूस म्हणजे खताच्या दुकानात काउंटरमागं उभा राहणारा. दुसरा कुणी त्यांनी पाहिलाच नव्हता. आणि गंमत अशी की दरवर्षी ते स्वतः पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जातात. मी म्हटलं, आबा, पुढच्या खेपेला पोरीला न्या की. तिथल्या लोकांना तिला विचारू दे, तुम्ही काय शिकलात, कुठं शिकलात, हितवर कसं आलात. ते घेऊन गेले. परत आले ते प्रश्न घेऊन: चार वर्षांची फी किती, कोल्हापूरच्या सरकारी कॉलेजला किती पर्सेंटाईल लागतात, बँकेत कृषी अधिकारी होतात ते कसे. हे प्रश्न चांगले होते. यांची उत्तरं मी देऊ शकतो. 'शेतीतच परत?' याचं उत्तर माझ्याकडं नाही.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण हे दरवर्षी ओरडून सांगतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर यांच्या मुदती ३१ मार्चला संपतात, एप्रिलमध्ये बघून घ्या. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधायचा, आणि ती शाळा कधीकधी दुसऱ्याच तालुक्यात निघते. जुन्या नोंदी कधीकधी मोडी लिपीत असतात, त्यामुळं सध्या आमच्याकडं मोडी वाचणाऱ्याला इंजिनिअरपेक्षा जास्त फोन येतात. आणि मुलींच्या बापांनो, जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. मुख्य अट, प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. "पोरीला एवढा खर्च कशाला" म्हणणाऱ्यांना हा जीआर मी छापून देतो, झेरॉक्सचे पैसे घेत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक उद्योग सुरू केलाय. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा खुर्च्या बाहेर मांडायच्या आणि नववी-दहावीच्या पोरांसमोर एका कामाच्या माणसाला बसवायचं. मोठा साहेब नाही. कलेक्टर झालेल्यांची भाषणं पोरं यूट्यूबवर ऐकतातच. मी बोलावतो मिरजेच्या दवाखान्यातल्या लॅब टेक्निशियनला, जीएनएम केलेल्या नर्सताईंना, सीएकडं आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करणाऱ्या पोराला. पोरांना फक्त एक नियम घालून दिलाय: पहिला पगार किती होता, सकाळी किती वाजता उठता आणि या कामातलं काय नको वाटतं, हे विचारायचंच. लॅबवाल्यानं सांगितलं की पहिले सहा महिने त्याला जेवण जात नव्हतं, वासानं. दोन पोरींनी तिथंच तोंड वाकडं केलं. तिसरी म्हणाली, मला वासाचं काही वाटत नाही, आमच्यात म्हशी आहेत. सगळे हसले. पण ती नंतर थांबून त्याच्याकडून डीएमएलटीची, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाची, सगळी माहिती लिहून घेऊन गेली.

नर्सताईंनी रात्रपाळीचं सांगितलं. आर्टिकलशिपवाल्यानं सांगितलं की दोन वर्षं मित्र बाइक घेत होते आणि तो बसनं फिरत होता. असलं कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

यंदाच्या दिवाळीसाठी मला माणसं हवी आहेत. जमीन मोजणी करणारा कुणीतरी, बेदाण्याच्या सौद्यात हिशेब बघणारा कुणीतरी आणि मिरजेचा एखादा तंतुवाद्य कारागीर, कारण मागच्या वेळी एका पोरानं सतार कोण बनवतं विचारलं आणि आमच्या कुणाकडंच उत्तर नव्हतं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर सांगा. मानधन नाही, चहा आणि भडंग आहे. आणि वकिलीवाले आधीच तीन जण तयार आहेत, त्यांची नावं पाठवू नका.