रोममध्ये राहायचं कुठे? आधी बरोबर कोण आहे ते बघा, मग बजेट

रोमचं बुकिंग करायला बसलं की बहुतेक जण पहिला फिल्टर किमतीचा लावतात आणि मग नकाशावर टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनभोवती हॉटेलांची जी गर्दी दिसते त्यातलं एक निवडून मोकळे होतात. सोसायटीतल्या मैत्रिणी, ऑफिसमधले, बहिणीच्या ओळखीतले, सगळे मला असेच स्क्रीनशॉट पाठवतात, "हे चालेल ना गं?" म्हणून. चालेलही. पण मी आधी विचारते की बरोबर कोण आहे. कारण सासू-सासऱ्यांना घेऊन जाणाऱ्या घराचं रोम वेगळं, नुकतंच लग्न झालेल्या दोघांचं वेगळं, आणि रात्रीमागे दोन हजार रुपये वाचवायला घेतलेल्या खोलीवर दुपारी आईंना जरा पडायला आणता येणार नसेल तर ते दोन हजार वाचले असं मी म्हणणार नाही.

रोम हे चालायचं शहर आहे आणि मधल्या भागात ते चालणं खडबडीत आहे. रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे, सांपिएत्रिनी म्हणतात त्यांना, त्यावरून चाकाची बॅग ओढताना हात भरून येतात आणि गुडघे दुखणाऱ्यांना संध्याकाळपर्यंत ते चांगलंच जाणवतं. मेट्रोच्या लाइनी मोजून तीन, ए, बी आणि सी. त्यातल्या ए आणि बी टर्मिनीला एकमेकींना छेदतात, पण पँथिऑन, पियाझ्झा नवोना हा जो फोटोतला रोम आहे ना, तिथे एकही मेट्रो स्टेशन नाही. जमीन उकरली की खाली जुनं रोम निघतं त्यामुळे कामं वर्षानुवर्षं रेंगाळतात, सी लाइन कलोसियमपर्यंत पोचायला डिसेंबर 2025 उजाडला. बस आहेत भरपूर पण ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि संपही होतात, बरेचदा शुक्रवारी, संपाला शोपेरो म्हणतात, स्टॉपवर हा शब्द दिसला की पायी निघायचं. म्हणून माझं पहिलं मत असं की घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर जागा मेट्रो स्टेशनपासून सात-आठ मिनिटांच्या आत हवी, बाकी सगळं त्यानंतर.

आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा प्रातीत राहिलो आणि आजही कोणी विचारलं तर मोठ्या माणसांबरोबर जाणाऱ्यांना मी डोळे मिटून प्रातीच सांगते. हा व्हॅटिकनच्या शेजारचा भाग. 1870 नंतर, रोम इटलीची राजधानी व्हायच्या सुमारास आणि त्यानंतर आखलेला, त्यामुळे रस्ते सरळ, रुंद, फुटपाथ नीट, आणि इमारती त्या मानाने नव्या असल्याने लिफ्ट मिळायची शक्यता जास्त. ए लाइनची ओत्ताव्हियानो आणि लेपांतो ही दोन स्टेशनं, लेपांतोहून स्पॅनिश स्टेप्सचं स्पान्या स्टेशन दुसरंच आणि टर्मिनी पाचवं. व्हॅटिकन म्युझियमला सकाळी लवकरचं तिकीट काढून चालत जाता येतं, ही सोय मला फार मोठी वाटते कारण त्या म्युझियममध्येच इतकं चालणं आहे की तिथवर पोचतानाच दमलं तर सिस्टिन चॅपलमध्ये मान वर करायचं त्राण उरत नाही. कोला दि रिएंझो या रस्त्यावर दुकानं, खाणं-पिणं सगळं, आणि संध्याकाळी तिथलीच माणसं खरेदी करताना दिसतात. टर्मिनीपेक्षा महाग पडतं, हे खरंय. पण दुपारी खोलीवर येऊन तासभर आडवं होऊन, चहा घेऊन सासूबाई पुन्हा ताज्यातवान्या होऊन बाहेर पडायच्या, नदीकाठाने सांत आंजेलोच्या पुलापर्यंत हळूहळू चालायच्या, आणि तेवढ्यासाठी तरी ते पैसे सार्थकी लागले असं मला वाटतं.

बजेट तेवढं नसेल तर सान जोव्हान्नी. पुण्याच्या ट्रॅव्हल ग्रुपांमध्ये हे नाव फारसं ऐकू येत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण कुटुंबासाठी इतका सोयीचा भाग कमी पैशांत रोममध्ये दुसरा मिळणं अवघड आहे. राहती वस्ती, शाळेत जाणारी मुलं, सुपरमार्केट, आप्पिया नुओव्हा रस्त्यावर कपड्यांची दुकानं. ए आणि सी दोन्ही लाइनी इथे मिळतात, टर्मिनी तीन स्टेशनं, आणि आता सी लाइनने कलोसियम फक्त दोन. इथे किचनवाला छोटा फ्लॅट बघा. शाकाहारी असाल, त्यातून कांदा-लसूण न खाणारं कोणी असेल तर किचन हवंच, कारण पिझ्झा-पास्ता तीन दिवस आवडीने खाल्ला जातो, चौथ्या दिवशी मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड समोर आला की घर शांत होतं.

आणि त्या खिचडीचं सामान कुठे मिळणार, तर एस्क्विलिनोत. टर्मिनीच्या दक्षिणेला पियाझ्झा व्हित्तोरियो नावाचा मोठा चौक आहे, भोवती कमानींचे उंच व्हरांडे, आणि जवळच नुओव्हो मेर्कातो एस्क्विलिनो ही मंडई. तिथे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, भेंडी, डाळी, मसाले सगळं मिळतं, बांगलादेशी दुकानदार तर हिंदीतून बोलतात. भारतीय हॉटेलंही या बाजूला. सान जोव्हान्नीहून ए लाइनने दुसरं स्टेशन, त्यामुळे मुक्काम तिकडे आणि बाजार इकडे असं छान जमतं.

आता टर्मिनी. लोक दोन टोकांचं बोलतात, एक म्हणणार तिथे पाऊलसुद्धा टाकू नका, दुसरा म्हणणार आम्हाला काही झालं नाही. माझं म्हणणं असं की स्टेशनच्या दोन बाजू वेगळ्या आहेत. वाया मार्साला या रस्त्याच्या बाजूला, कास्त्रो प्रेतोरियोकडे जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये हॉस्टेलं आणि लहान हॉटेलं भरपूर, माझी भाची मैत्रिणींबरोबर तिथेच राहिली, मजेत राहिली. वाया जोलित्तीची बाजू मात्र रात्री उशिरा मला नको वाटते, स्टेशनची लांबच लांब भिंत आणि रेंगाळणारे लोक. खिसेकापूंचं म्हणाल तर ते स्टेशनात आहेत, मेट्रोत आहेत, टर्मिनीहून व्हॅटिकनला जाणाऱ्या 64 नंबरच्या बसमध्ये तर आहेतच, त्यामुळे मुक्काम कुठेही असला तरी पासपोर्ट आतल्या खिशात. दोघंच असाल, बॅगा हलक्या असतील, सकाळी सातची फ्लॉरेन्सची ट्रेन पकडायची असेल तर टर्मिनी अगदी योग्य आहे. पाच रात्री मुलांना घेऊन राहायला मी तिथे जाणार नाही.

त्रास्तेव्हेरे सगळ्यांना हवं असतं. वेली चढलेल्या केशरी भिंती, छोटे चौक, फोटो अप्रतिम येतात, मलाही तो भाग मनापासून आवडतो. पण विसर्जनाच्या रात्री पुण्याच्या बेलबाग चौकात घर असलेल्यांना झोपेबद्दल विचारा, त्रास्तेव्हेरेत शुक्रवार-शनिवारी खिडकीखाली तसंच असतं. मेट्रो नाही, पियाझ्झा व्हेनेत्सियाहून 8 नंबरची ट्राम आहे. जायचं संध्याकाळी, जेवायचं, भटकायचं आणि झोपायला परत यायचं. राहायचंच असेल तर व्हियाले दि त्रास्तेव्हेरे या मोठ्या रस्त्याच्या पूर्वेला, सांता चेचिलिया चर्चच्या बाजूला बघा, तिकडे बरंच शांत.

मोंती छान आहे, कलोसियम चालत, मेट्रोचं काव्हूर स्टेशन दाराशी, फक्त चढ-उतार आहे आणि खोल्या लहान. हनिमूनवाल्यांना मी हेच सांगते. पँथिऑनच्या आसपास परवडत असेल तर जरूर राहा, पहाटे सहाला रिकामा नवोना चौक बघायला मिळतो, पण बॅगा घेऊन तिथवर पोचायचं म्हणजे टॅक्सीच.

खर्चाचा हिशोब करताना वेबसाइटवरचा आकडा शेवटचा धरू नका. रोम महापालिकेचा मुक्काम कर असतो, तो बहुतेक वेळा तिथेच वेगळा द्यावा लागतो. थ्री स्टारला माणशी दर रात्री 6 युरो, फोर स्टारला साडेसात, दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. चार मोठी माणसं, पाच रात्री, थ्री स्टार, म्हणजे 120 युरो, युरो शंभर रुपयांना धरला तर बारा हजार झाले की. तसंच विमानतळाचं. फ्युमिचिनोहून टर्मिनीला लिओनार्दो एक्सप्रेस माणशी 14 युरो, चौघांचे 56, आणि जुन्या तटबंदीच्या आतल्या पत्त्याला टॅक्सीचं ठरलेलं भाडं 55. गटाला ट्रेनची सवलत मिळतेय का ते बघा, नाहीतर चौघांनी बॅगांसकट सरळ टॅक्सी करावी, दारात उतरवते. मुक्काम तटबंदीबाहेर असेल तर भाडं आधी विचारून घ्या. एकटे असाल आणि त्रास्तेव्हेरे किंवा ओस्तिएन्से बाजूला उतरायचं असेल तर एफएल1 ही लोकल 8 युरोत नेते, ती टर्मिनीला जात नाही एवढं लक्षात ठेवा.

फारच मोजकं बजेट असेल तर धर्मसंस्थांची अतिथीगृहं बघा, कासा पेर फेरिए असं लिहिलेलं असतं. साध्या, स्वच्छ खोल्या, शांतता, काही ठिकाणी सुंदर अंगण. रात्री ठराविक वेळेला दार बंद होतं बऱ्याच ठिकाणी, तेवढं विचारून घ्यायचं. आपल्याकडची मोठी माणसं अशा जागी फार निवांत होतात.

बुकिंगच्या आधी यजमानाला मेसेज करून लिफ्ट आहे का आणि ती रस्त्याच्या पातळीपासून आहे का हे दोन्ही विचारा, कारण कितीतरी इमारतींत लिफ्टपर्यंत पोचायलाच दहा-बारा पायऱ्या असतात आणि लिफ्टमध्ये दोन माणसं नाहीतर एक माणूस आणि एक बॅग. जाहिरातीत सीआयएन नावाचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा, 1 जानेवारी 2025 पासून भाड्याच्या फ्लॅटांना तो बंधनकारक आहे. पासपोर्ट मागितला तर घाबरू नका, पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं तिथे कायद्यानेच लागतं. मे-जूनला एसी हवाच. आणि दिवाळी ऑक्टोबरात आली आणि त्या सुट्टीत निघालात तर खोलीत जास्तीची पांघरुणं आहेत का विचारा, कारण इमारतींचं सेंट्रल हीटिंग रोममध्ये एरवी 1 नोव्हेंबरच्या आधी सुरूच होत नाही.

व्हिसाला सगळ्या रात्रींचं बुकिंग दाखवावं लागतं, तेव्हा सुरुवातीला फुकट रद्द करता येणारंच घ्या, आणि रद्द करायची शेवटची तारीख व्हिसा हातात येण्याच्या अंदाजानंतर किमान दोन आठवडे तरी असू दे.