तेरुएल आहे बरं का!

"माद्रिदला जायचंय? मग बसनं जा. थेट गाडी नाही." स्पेनमधल्या तेरुएलमध्ये कॉफी देणाऱ्या काकूंनी मान वर न करता सांगितलं. प्रांताची राजधानी आणि देशाच्या राजधानीला थेट रेल्वे नाही! मी नकाशा पुन्हा उघडून बघितला. काकू म्हणाल्या, "विमानतळ आहे की आमच्याकडे." आणि हसल्या.

हसण्याचं कारण नंतर कळलं. तिथे विमानं येतात ती मुक्कामाला. साधारण हजार मीटर उंची आणि कोरडी हवा, त्यामुळे गंज कमी. जगभरातल्या कंपन्या विमानं इथे उभी करतात, दुरुस्त करतात, मोडीतही काढतात. नेहमीची प्रवासी सेवा नाही.

गाव म्हणावं तर जेमतेम ३५-३६ हजार वस्ती. मुदेहार (इस्लामी-ख्रिस्ती मिश्र) शैलीचे विटांचे मनोरे (१९८६ पासून जागतिक वारसा), डुकराच्या मांडीचं नावाजलेलं हॅम, आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यातली यादवी युद्धातली भयंकर लढाई. माणसं लढाईपेक्षा थंडीनं गारठून पडली असं वाटावं, इतका गारठा होता.

मला भावली ती या दुर्लक्षाविरुद्धची इथल्या लोकांची चळवळ. नावच 'तेरुएल एक्सिस्ते', म्हणजे 'तेरुएल आहे'. १९९९ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक खासदार. जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांचं सरकार १६७ विरुद्ध १६५ मतांनी बनलं, त्यात त्या खासदाराचंही मत होतं.

तरी माद्रिदला बसच. आता सांगा, अजून किती ओरडायचं?