तेल विकता विकता तेल वाचायला लागलो

आमची फर्म मुळात ऑईलची. कुपवाड एमआयडीसीत गाळा, गाळ्यात इंजिन ऑईलचे बॅरल, आणि सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर पट्ट्यातले ट्रकवाले, क्रशरवाले, जनरेटरवाले हे गिऱ्हाईक. भारनियमनाच्या वर्षांत धंदा जोरात होता. बेदाण्याची शीतगृहं दिवसाचे दहा-दहा तास डिझेलवर चालायची आणि जनरेटरचं ऑईल २५० तासांनी, म्हणजे महिना भरायच्या आत, बदलायला यायचं. वीज सुधारली तशी ती विक्री आटली. त्याच सुमारास जास्त चालणाऱ्या सिंथेटिक ऑईलची विचारणा वाढली. भाव साध्या ऑईलच्या दुपटी-तिपटीने, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला: "मालक, हे चालंल किती?"

कंपनीच्या पत्रकावर आकडा असायचा, पण तो चांगल्या रस्त्यावर धावणाऱ्या, नीट गरम होणाऱ्या इंजिनासाठी. आमचा एक गिऱ्हाईक खडीच्या धुरळ्यात दिवसभर लोडर चालवणारा, दुसऱ्याचे दुधाचे टँकर रोज रात्री मुंबईला जाणारे. दोघांना एकच आकडा सांगणं मला पटेना. शिवाय इंजिनचं काम निघालं की माणूस कंपनीत जात नाही, आमच्या दारात येतो. म्हणून वापरलेल्या ऑईलची तपासणी सुरू केली.

भागीदार मिळाले ते रेल्वेच्या डिझेल शेडच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. रेल्वेवाल्यांना हे काम नवं नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने १९४६ मध्येच वापरलेल्या तेलातले धातू मोजून डिझेल इंजिनांतले बिघाड ओळखायला सुरुवात केली होती, आणि आपल्याकडच्या शेडमध्येही लोकोच्या ऑईलची स्पेक्ट्रो तपासणी नेहमीची. आमच्याकडे सुरुवातीला व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा घट्टपणा, मोजायचा बाथ, टीबीएनच्या (तेलाच्या आम्ल मारायच्या ताकदीच्या) टायट्रेशनचं सामान आणि एक हॉटप्लेट एवढंच होतं. तापलेल्या प्लेटवर थेंब टाकायचा, तडतडला की पाणी आहे. धातूंसाठी नमुने पुण्याला पाठवायचो. रिपोर्टवर हिरवे, पिवळे, लाल ठिपके यायचे. गिऱ्हाईक ठिपके बघायचं, भागीदार आकडे बघायचे, आणि दोघांचं क्वचितच जुळायचं.

ठिपक्यांची अडचण अशी की त्यांच्या मर्यादा बहुतेक वेळा नेहमीच्या अंतराला धरून ठरवलेल्या असतात. टँकरवाल्यांचंच घ्या. साध्या ऑईलवर वीस हजार किलोमीटरला लोह ३६ पीपीएम (दहा लाख भागांत ३६ भाग) येत होतं. सिंथेटिकवर चाळीस हजारांना ६० आलं, ठिपका पिवळा झाला आणि मालक इंजिन खोलायला निघाले. हजार किलोमीटरमागे हिशोब केला तर आधी १.८ होतं, आता १.५. झीज वाढली नव्हती, तेच तेल ती दुप्पट काळ साठवत होतं.

पण या भागाकारावरही डोळे मिटून विसंबू नये. ऑईल सोडताना थोडं जुनं कूलरमध्ये आणि इंजिनातल्या तेलाच्या वाटांमध्ये राहतंच, त्यामुळे नवं तेल शून्यापासून सुरू होत नाही. हे आयतं आलेलं लोह छोट्या अंतरावर जास्त भरतं आणि लांब अंतर आहे त्याहून गोंडस दिसतं. टॉपअपचं त्याहून वाईट. ऑईल खाणारं इंजिन दर आठवड्याला ताजं तेल पितं, लोह पातळ होतं, टीबीएन वर राहतो. आमच्याकडे सगळ्यात देखणे रिपोर्ट धूर सोडणाऱ्या गाड्यांचेच येतात. म्हणून बाटलीच्या चिठ्ठीवर गाडीचं रीडिंग, ऑईल किती चाललं आणि मध्ये किती लिटर घातलं, या तीन गोष्टी नसल्या तर आम्ही नमुना लावतच नाही. यावरून भांडणं झाली आहेत, होऊ देत.

टीबीएन म्हणजे तेलात उरलेली आम्ल मारायची ताकद. पूर्वी तो निम्म्यावर आला की तेल बदला, असा सरधोपट नियम होता आणि तो योग्यही होता. तेव्हा डिझेलमध्ये गंधक भरपूर होतं, बीएस-३ (धुराच्या सरकारी निकषांचा टप्पा) मध्ये ३५० पीपीएमपर्यंत. बीएस-४ मध्ये ते ५० वर आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १० वर. आम्लच कमी तयार होतं म्हटल्यावर टीबीएन सावकाश उतरतो, आणि नुसतं त्याच्याकडे बघणारा माणूस तेल फार लांबवतो. दरम्यान ऑक्सिडेशन (तेल सडणं), काजळी आणि तेलात उतरणारं डिझेल आपापलं काम करत असतात. यातला खरा चकवा व्हिस्कॉसिटीचा. १५डब्ल्यू-४० तेल १०० अंशाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (घट्टपणाचं माप) मध्ये हवं. काजळीने ते घट्ट होतं, गळक्या नोझलच्या डिझेलने पातळ होतं. दोन्ही एकदम झालं की आकडा नेमका चौदावर बसतो आणि ठिपका हिरवागार! काजळी आणि डिझेल वेगवेगळं मोजल्याशिवाय त्या चौदाला काही अर्थ नाही.

काही सिंथेटिक तेलांत एस्टर नावाचं संयुग असतं. इन्फ्रारेड तपासणीत एस्टरची खूण ऑक्सिडेशनच्याच जागी उमटते, त्यामुळे कोरं तेलसुद्धा 'सडलेलं' दिसू शकतं. यावर उपाय एकच, कोऱ्या तेलाचा नमुना शेजारी ठेवणे. आमच्याकडे आता एक अख्खी मांडणी प्रत्येक ब्रँडच्या, प्रत्येक बॅचच्या कोऱ्या बाटल्यांची आहे. पाहुणे तिला दुकान समजतात.

विक्रीवाल्यांचा एक लाडका युक्तिवादही इथेच निकालात काढतो: "झिंक अजून बाराशे आहे, म्हणजे तेल ताजं." स्पेक्ट्रोमीटर मूलद्रव्य मोजतो. झिंकचं झीजरोधक संयुग वापरून संपलं तरी झिंक तेलातच बरंचसं राहतं. आकडा बाराशेचा बाराशे दिसतो, संरक्षण मात्र गेलेलं असू शकतं. तो आकडा आम्ही वेगळ्या कामाला वापरतो. सांगितलेलं तेल खरंच भरलंय की दुसऱ्याच बॅरलमधलं, हे त्यावरून छान कळतं.

क्रशरवरच्या लोडरने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. २५० तासांचं अंतर ५०० वर न्यायचं होतं. रिपोर्टमध्ये टीबीएन उत्तम, व्हिस्कॉसिटी उत्तम, पण सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि लोह तिन्ही एकत्र चढलेले. तेल अजून चाललं असतं, इंजिन चाललं नसतं. सिलिकॉन एकटं असेल तर नवं सीलंट किंवा तेलातला फेसरोधक असू शकतो. ॲल्युमिनियमला सोबत घेऊन आलं की बहुधा माती. एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधला होसपाईप क्लॅम्पखाली तडकला होता. शिवाय हेल्पर रोज संध्याकाळी फिल्टर काढून जोरात हवा मारायचा, त्याने कागद फाटला होता. 'साफ केलेला' फिल्टर हे आमच्या भागातलं इंजिन मारायचं सर्वात स्वस्त साधन आहे, असं माझं ठाम मत आहे. तो लोडर ५०० तासांवर कधी गेलाच नाही. ३५० वर थांबवला.

उलटा प्रकार नव्या बीएस-६ ट्रकांचा. पहिल्याच नमुन्यात पोटॅशियम वर, ॲल्युमिनियम वर. मालक म्हणाले कूलंट गळतंय, हेड उतरवा. पण रिपोर्टमध्ये कूलंटसोबत येणारं सोडियम नाही, पाणी नाही, कूलंटची पातळी जागेवर. इंटरकूलर जोडताना वापरलेल्या फ्लक्समध्ये पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम असतं, ते सुरुवातीच्या काळात हवेबरोबर इंजिनात येतं. पुढच्या दोन-तीन ऑईलमध्ये आकडा आपोआप उतरला. नव्या ऑईल कूलरचं तांबंही असंच वर जाऊन खाली येतं. शिसं आणि कथील सोबत नसतील तर बेअरिंगची काळजी करायचं कारण सहसा नसतं.

शीतगृहांचे जनरेटर आता आठवड्याला थोडा वेळ चाचणीपुरते चालतात. तास मोजले तर तेल वर्षानुवर्षं टिकावं, प्रत्यक्षात गार इंजिनात डिझेल आणि ओल साठत जाते. तिथे सिंथेटिक घाला नाहीतर आणखी काही, वर्षाला एकदा बदला, एवढंच सांगतो आणि तपासणीचे पैसेही घेत नाही.

ऑईलची एजन्सी आम्ही पुढे सोडली. तेल विकणाऱ्यानेच 'तेल संपलं' म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? आणि 'अजून चालेल' म्हटलं तर कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दारात. पहिली दोन वर्षं ओढाताण झाली. मग एका बस मालकाने सगळ्या गाड्या तपासणीवर घेतल्या, त्यांच्या मागून आणखी आले आणि जम बसला. आता धातूंची तपासणी आमच्याकडेच होते. स्पेक्ट्रोमीटर जुना घेतला आहे आणि त्याला लागणाऱ्या आर्गॉन वायूच्या सिलिंडरचं बिल बघून भागीदार अजून कुरकुरतात.

त्या यंत्रालाही मर्यादा आहे. साधारण पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठा कण त्याला नीट दिसत नाही, आणि बेअरिंगचे पापुद्रे सुटायला लागले की कण मोठेच असतात. म्हणून लांब अंतरावरच्या प्रत्येक गाडीचा उतरवलेला ऑईल फिल्टर मागवतो, कापतो, कागद पसरून चुंबक फिरवतो. नमुना घ्यायची पद्धतही ठरवून दिली आहे: इंजिन गरम, चेंबर नट काढल्यावर पहिली धार सोडून द्यायची, मधली धार बाटलीत. मिस्त्री लोकांना ही बाटली रिकाम्या पाण्याच्या बाटलीपेक्षा वेगळी का, हे पटायला वेळ लागला.

यंदा ऊसतोडणी यंत्रांचे मालक आले आहेत. गळीत हंगामात यंत्र थांबवणं कोणालाच परवडत नाही, म्हणून त्यांना ५०० तास हवे आहेत. पाचटाचा कचरा, धूळ, दिवसभर पूर्ण लोड. आम्ही त्यांना आधी २५० वरच नमुने द्यायला सांगितलंय, सलग तीन. पहिल्या बाटल्या नोव्हेंबरअखेर येतील.