तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरचा हॅलोवीन

"पर्यावरणाचं एवढं बोलता, मग तो हॅलोवीन कशाला साजरा करता?" भारतातले नातेवाईक फोनवर हे विचारतात. इथे न्यू जर्सीत मराठी मंडळात भेटणारे तरुण आईबाप जरा वेगळ्या सुरात विचारतात: "मुलांना नाही म्हणवत नाही, पण तो प्लास्टिकचा पसाराही बघवत नाही. तुम्ही नक्की काय करता?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदाच लिहून टाकते.

साजरा करतो, आणि मनापासून करतो. एरवी आमच्या गल्लीत माणसं गाडीतून उतरतात आणि गॅरेजमधूनच घरात जातात. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मात्र तीच माणसं पायरीवर खुर्च्या टाकून बसतात, वेश घातलेल्या पोरांच्या झुंडी खाऊ मागत दारोदार फिरतात, कोण नवीन राहायला आलंय, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सगळं त्या दोन तासांत कळतं. माझी आई कोल्हापूरहून आली की तिला इथले बाकीचे सण परके वाटतात, हा एक वाटत नाही. आमंत्रण नसताना लोक एकमेकांच्या दारी येतात, एवढं तिला पुरतं. मलाही. त्यामुळे सण सोडायचा प्रश्नच येत नाही, त्याला चिकटलेला कचरा तेवढा सोडायचा.

आणि तो नंतरच चिकटलाय. आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून हिवाळा लागताना हा सण व्हायचा. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी समजूत होती. लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत आली आणि त्यांना इथे सलगमपेक्षा कितीतरी मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. म्हणजे शेतातलं फळ, आत एक दिवा आणि अंगावर घरातलेच जुने कपडे. एवढ्या सामानात हा सण पिढ्यानपिढ्या झालाय.

कपड्यांचं आधी सांगते, कारण पैसा आणि प्लास्टिक दोन्ही तिथेच जास्त जातं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फेअरीलँड ट्रस्ट आणि हबब या संस्थांनी १९ दुकानांतले ३२४ हॅलोवीनचे पोशाख तपासले. त्यांतला ८३ टक्के माल प्लास्टिकचा निघाला, मुख्यतः पॉलिस्टर. असा पोशाख एका संध्याकाळी घालायचा, पुढच्या वर्षी तो मुलाला आखूड होतो, आणि त्या कापडाचं दुसरं काही करता येत नाही. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी ओळखीच्या घरांमध्ये पोशाखांची अदलाबदल करतो. गेल्या वर्षीचा चेटकिणीचा झगा यंदा पलीकडच्या गल्लीत जातो, तिकडचा सांगाडा आमच्याकडे येतो. ज्याला काही मिळत नाही त्याच्यासाठी कपाट उघडायचं. माझ्या लेकीची आजवरची सगळ्यात भीतीदायक वेशभूषा म्हणजे आईच्या विरलेल्या पांढऱ्या सुती साडीतली हडळ: केस मोकळे, डोळ्यांखाली घरचं काजळ. अमेरिकन शेजारी थांबून थांबून विचारत होते, ही कोण? मग तिने त्यांना हडळीचे पाय उलटे असतात हे सांगितलं, आणि तिच्याबरोबरची सगळी पोरं घरी जाईपर्यंत एकमेकांच्या पायांकडे बघत होती.

एका वस्तूबद्दल मात्र मी अगदी ठाम आहे. झुडपांवर ताणून लावायची ती पांढरी खोटी कोळिष्टकं घेऊ नका. ते बारीक कृत्रिम धागे असतात. त्यात छोटे पक्षी अडकतात, मधमाश्या अडकतात, कधी घुबडसुद्धा. सुटायला धडपडावं तेवढे धागे आवळतात. पक्ष्यांवर उपचार करणारी केंद्रं इथे दर वर्षी हे सांगतात आणि दर वर्षी दुकानांत त्याचे ढीग लागतात. लावायचीच असतील तर घरात, खिडकीच्या आतल्या बाजूने लावा. बाहेर मक्याची वाळलेली ताटं, गळलेली पानं आणि जुन्या चादरीचं भूत पुरतं. २०२४ मध्ये दिवाळी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, तेव्हा आमच्या दारात घरी केलेला कागदी आकाशकंदील आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी होते. दुसरं काही लागलंच नाही.

खाऊचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. उघडा खाऊ इथे कोणी मुलाला घेऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे, अनोळखी घरचा खाऊ असतो. मग पुठ्ठ्याच्या छोट्या डबीतले बेदाणे आणि गोळ्या आणते. चॉकलेटांची चकचकीत वेष्टनं मात्र घरी येतातच, आणि ती नेहमीच्या रिसायकलिंगमध्ये चालत नाहीत. खाऊऐवजी प्लास्टिकची फुटकळ खेळणी वाटू नका एवढं सांगेन, ती तर खाताही येत नाहीत. खाऊ गोळा करायला प्लास्टिकची भोपळ्याच्या आकाराची बादली घ्यायचं कारण नाही. उशीचा अभ्रा घ्या, इथली कितीतरी मुलं पूर्वीपासून तोच घेऊन फिरतात.

आता भोपळा. हीच गोष्ट खरी मोठी आहे आणि हिच्याकडेच लक्ष जात नाही, कारण भोपळा म्हणजे भाजी, ती कुजून मातीच होणार, असं वाटतं. कचरा डेपोत तसं होत नाही. वर थरावर थर पडतात, हवा लागत नाही, आणि हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, २०२३ च्या अहवालाप्रमाणे इथल्या शहरी कचरा डेपोंमधून हवेत निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के अन्नापासून येतो. १ नोव्हेंबरला गल्लीभर दारापुढचे भोपळे कचऱ्याच्या डब्यात पडलेले दिसतात, तेव्हा मला हाच आकडा आठवतो.

म्हणून आमच्याकडे नियम असा: भोपळा जवळच्या शेतावरून आणायचा, आणि कोरायचा शेवटच्या दोन दिवसांत. आधी कोरला तर बुरशी धरतो, मग लोक तो टिकवायला ब्लीचच्या पाण्यात बुडवतात, आणि तसा भोपळा पुढे ना खताच्या कामाचा ना जनावरांच्या. रंग आणि चमकीही नको. आतला गर आणि बिया कोरताना लगेच बाजूला काढायच्या, कारण रात्रभर दारात उघडा राहिलेला भोपळा खाऊ नये.

पहिल्यांदा आईने तो भोपळा बघितला तेव्हा म्हणाली, "अगं, एवढा डांगर आणि नुसता शोभेला?" कोरायचा भोपळा आपल्या लाल भोपळ्यासारखा गोड नसतो. तो पाणचट आणि दशांचा असतो. आईने यावर वाट काढली. गर किसायचा आणि कढईत काही न घालता मंद आचेवर ठेवायचा. आधी भरपूर पाणी सुटतं, ते सगळं आटून कीस कढईच्या मधोमध गोळा व्हायला लागला की मगच गूळ. गूळ विरघळला की उतरवायचं, वेलची, चिमूटभर मीठ, कडकडीत तुपाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी. पाण्याचा थेंबही नाही. घारगे थापून वर तीळ दाबायचे आणि तळायचे. घाई करून ओल्या किसातच गूळ घातला तर पीठ सैल होतं आणि घारगा तेल पितो. बिया धुऊन, वाळवून, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजतो. शेजारच्या घरांतही आता आमच्या घारग्यांची वाट बघतात.

उरतं ते टरफल. परसात जागा असेल तर त्याचे तुकडे करा, मेणबत्तीचं मेण खरवडून काढा आणि वाळक्या पानांत मिसळा. भोपळ्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि नोव्हेंबरमध्ये इथे वाळक्या पानांना तोटा नाही, त्यामुळे खत छान होतं. हरणं खातील म्हणून मागच्या झाडीत फेकू नका. न्यू जर्सीत काळी अस्वलं आहेत आणि त्यांना खाऊ घालणं कायद्याने बंद आहे. काही शेतकरी डुकरं-शेळ्यांसाठी भोपळे घेतात, फोन करून विचारायचं.

परस नाही त्यांनी काय करायचं? इलिनॉयमध्ये स्केअर्स (SCARCE) नावाच्या संस्थेने २०१४ मध्ये यावर फार सुंदर उपाय सुरू केला. हॅलोवीननंतरच्या शनिवारी सगळ्यांनी आपापले भोपळे आणायचे आणि वाजतगाजत फोडायचे, ढीग थेट खत करणाऱ्यांकडे. नरकचतुर्दशीला पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडण्याचा आनंद ज्याला माहीत आहे, त्याला पोरं या कार्यक्रमाला का धावतात ते सांगावं लागणार नाही. कारीटही भोपळ्याच्याच कुळातलं.

आमच्या गावात हे अजून नाही. पानं गोळा करणारे ट्रक येतात, पण पानांच्या ढिगात भोपळा चालत नाही. म्हणून आम्ही काही शेजारी टाऊन कौन्सिलकडे एवढंच मागतोय की नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी एक मोठा कंटेनर ठेवा आणि भरला की खत प्रकल्पाकडे पाठवा. त्यांचा पहिला प्रश्न वाहतुकीच्या खर्चाचा आहे. तुमच्या गावात अशी सोय असेल तर ती कोणी सुरू केली आणि खर्च कोणाच्या खात्यातून जातो, ते मला जरूर कळवा. पुढच्या बैठकीत तेच मांडायचं आहे.